अक्रोडाच्या मुठी

४ मार्च

दादा,

तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. पत्ता मामांनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच त्यांना भंडावून सोडलं होतं.

जुनं काही उकरायला लिहीत नाही. काम आहे, आणि तेही तुझ्याच धंद्यातलं. तुला माहीत नसेल, पण आम्ही दोघं आता सुऱ्या बनवतो. पाती हे बनवतात, मुठी माझ्याकडे. इतके दिवस पात्याच्या दोन बाजूंना दोन फळ्या ठेवून मधून रिपिटा ठोकायचो. आता गिऱ्हाइकांना अख्ख्या लाकडाची मूठ हवी असते, कुठे जोड दिसता कामा नये. म्हणजे मुठीच्या तोंडाला अरुंद, खोल खाच पाडायची आणि पात्याची शेपटी तिच्यात बसवायची. त्यासाठी जुनं मिलिंग मशीन घेतलं. मशीन चांगलं आहे, पण कटर टिकत नाहीत. काडेपेटीतल्या काडीएवढा तो कटर. खाच निम्मी झाली की टक् आवाज होतो आणि तो मोडतो.

आज सकाळी तर कटरचा तुकडा उडाला तो ह्यांच्या कानाला चाटून मागच्या दारात घुसला. मी चहा घेऊन तिथेच उभी होते. कानातून रक्त आलं, फार नाही, पण चार बोटं इकडे आला असता तर डोळाच गेला असता. हे हसले आणि म्हणाले, दाराचे कान टोचून झाले. मला हसता आलं नाही. कप हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे, चहावर साय आली तेव्हा भानावर आले.

तू आयुष्यभर हेच करतोयस. काय चुकतंय ते सांग. वेग किती ठेवायचा, कटर किती बाहेर काढायचा, जे काय असेल ते. मोजून दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

आई बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

तुझी,
भुंगा

(हे नाव आता कुणी घेत नाही. मशीनवर बसले की अजूनही गुणगुणते मात्र.)


२६ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. चार पानं भरून लिहिलंस आणि चारही पानांत फक्त कटर. तेवढंही पुष्कळ आहे.

तू लिहिलंस की कटर मोडतो तो लाकडाने नाही, भुशाने. अरुंद खाचेत भुशाला बाहेर यायला वाट मिळत नाही, तो दाबला जातो, तापतो आणि कटरचा गळा धरतो. आम्ही दोघांनी हे वाचलं आणि एकमेकांकडे पाहत राहिलो. आम्ही तर लाकूड कडक म्हणून जोर वाढवत होतो. मग तू सांगितलंस तसं केलं. आधी ड्रिलने ओळीने भोकं पाडली, म्हणजे बरंचसं लाकूड आधीच निघून गेलं. कटर चकमध्ये जमेल तितका आत घेतला. सरळ खाली घुसवायचं बंद केलं, सायीसारखे पातळ थर काढत गेलो आणि प्रत्येक थरानंतर हवा मारून भुसा उडवला. खाच अशी आली की पात्याची शेपटी आत सरकताना नुसता श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. हे मला म्हणाले, तुझ्या भावाला इथे आणून बसव. मी पुढची मूठ मशीनला लावली.

एवढं लिहून पत्र संपायला हवं होतं. पण पुढचं ऐक.

कटर मोडायचे थांबले, पण सगळ्या लाकडात नाही. अक्रोडाचा जो नवा माल आला होता, त्यातल्या काही तुकड्यांवर ते मोडतच राहिले. तू पत्राच्या शेवटी लिहिलं होतंस ना, की तरीही मोडले तर लाकूड फाडून आत बघ. परवा दुपारी ह्यांनी एक मूठ पटाशीने उभी फाडली. आत निळसर काळा डाग होता, शाई सांडल्यासारखा, आणि डागाच्या मध्ये लोखंड. मी म्हटलं, खिळा असेल, कुणीतरी दोरी बांधायला ठोकला असेल. ह्यांनी ते रॉकेलने पुसून तळहातावर घेतलं. एका टोकाला निमुळतं, दुसऱ्या टोकाला सपाट. वर पितळेचा फाटका पत्रा.

हे म्हणाले, "हा खिळा नाही. ही गोळी आहे."

मग आम्ही डाग असलेल्या सगळ्या मुठी फाडल्या. मला वाटतं आम्ही थांबायला हवं होतं, पण हात थांबेनात. एकीत नव्हती, दुसरीत होती, तिसरीत अर्धी होती, करवतीने कापलेली. टेबलावर मी त्या एका बशीत ठेवत गेले. आमची रोजची बशी होती ती.

संध्याकाळी हे लाकूडवाल्याकडे गेले. त्याच्याकडे त्याच झाडांचे दोन ओंडके अजून पडले होते. खालच्या बाजूचे, बुंध्याजवळचे. त्याने पाणी मारून दाखवलं. सगळे डाग खोडाच्या एकाच बाजूला होते आणि सगळे माणसाच्या छातीच्या उंचीला. लाकूडवाल्याने हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाला, ही झाडं रस्ता रुंद करताना पाडली, खाणीपलीकडच्या राईतली.

दादा, तुला ती राई आठवत असेल. आपल्याला तिकडे खेळायला जाऊ द्यायचे नाहीत.

भुंगा


१७ एप्रिल

दादा,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. इथे जे चाललंय ते कुणाला तरी सांगितलं नाही तर मी फुटेन.

आम्ही ती बशी चौकीवर नेऊन दिली. आठवडाभर काही झालं नाही. मग मोठ्या शहरातून गाड्या आल्या. राईच्या जागी ताडपत्र्या लागल्या, दोऱ्या बांधल्या, आणि पांढरे हातमोजे घातलेली माणसं ब्रशने माती काढायला लागली. आधी बुटांचे तळवे निघाले. मग बटणं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ते काम थांबवून सगळे उठून उभे राहिले आणि त्यांच्यातल्या एकीने डोक्यावरची टोपी काढली. आम्ही रस्त्यावरून पाहत होतो. कुणी काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

सिमेंट कारखान्याच्या संपात जे नेले होते ते हे. मी तेव्हा लहान होते, पण तुला आठवत असेल. लष्करी गाडी आली, नावं वाचली, लोकांना कारखान्याच्या ट्रकमध्ये चढवलं, आणि नंतर सांगितलं की लांबच्या तुरुंगात पाठवलंय. मग सांगितलं की तिथून पळाले. पुढे काही सांगायचंही बंद झालं. शिवणवाल्या काकूंचे यजमान त्यातलेच. काकू आजही दाराची आतली कडी लावत नाहीत, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

काकू रोज जाऊन त्या दोरीपाशी उभ्या राहतात. रडत नाहीत. हातात गळ्यातल्या मोजपट्टीचं टोक धरून उभ्या असतात, घरून तशाच उठून येतात. मी त्यांच्या शेजारी उभी राहते, कारण दुसरं काय करायचं ते मला कळत नाही. ज्या मुठी मी चिकटवून, घासून, तेल लावून विकल्या, त्यांतही काही असेल का, हा विचार डोक्यातून जात नाही. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, कुणीतरी त्या सुरीने कांदा चिरत असेल.

आता जे लिहिते ते बसून वाच.

बाबा त्याच दिवसांत गेले, दादा. संप चालू होता तेव्हाच. आपल्याला सांगितलं होतं की बाईच्या नादाने गेले, आणि तू त्यावरून शाळेत मारामाऱ्या केल्यास, आणि मग एक दिवस आईला म्हणालास की तुझ्या जिभेला कंटाळून ते गेले. पण ते कारखान्यातच होते ना. आणि ज्यांना नेलं त्या सगळ्यांची नावं कधी कुणी नीट सांगितलीच नाहीत. खणणाऱ्या बाईंनी मला विचारलं, तुमच्या घरातलं कुणी? माझ्या तोंडून निघून गेलं, हो, वडील असतील. त्यांनी माझ्या गालाच्या आतून कापूस फिरवून घेतला, जुळवून बघायला.

मी रस्त्यावरच बसले. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. इतकी माणसं त्या खड्ड्यातून निघत होती, काकू समोर उभ्या होत्या, आणि मला बरं वाटत होतं, की बाबा आपल्याला टाकून गेले नव्हते.

आईला अजून बोलले नाही. ती बोलण्याच्या स्थितीत नाही. मागच्या पत्रात मी एक लिहिलं नव्हतं. आम्ही मुठी फाडत होतो तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली होती. तिने एवढंच विचारलं की हे लाकूड कुठलं. हे संध्याकाळी येऊन म्हणाले, खाणीपलीकडचं. ती जिथे उभी होती तिथेच, भुशात, खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. त्या दिवसापासून ती जेवते, न्हाते, झोपते, पण बोलत नाही. मी समजले, तिलाही तेच वाटलं असणार जे मला वाटलं.

तू ये. निदान फोन उचल.

भुंगा


२३ एप्रिल

दादा,

मागचं पत्र पोचलं असेल तर त्यातलं शेवटचं पान फाडून टाक. बाबा तिथे नाहीत.

काल दुपारी मी आईचे केस विंचरत होते. म्हटलं, आई, आता कळेल, मी कापूस दिलाय. तिने विचारलं, कसला कापूस. मी सांगितलं. तिने माझ्या हातातून फणी काढून घेतली आणि मांडीवर ठेवली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकला.

"तुझे वडील तिथे सापडायचे नाहीत. ट्रक ते चालवत होते."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कुठला ट्रक. आणि मग कळलं. दादा, मला ते अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसं कळलं, डोक्यापासून खाली खाली. मी पुन्हा विचारलं नाही. तीच बोलत गेली, भिंतीकडे बघून, एका सुरात, जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगत होती.

लष्कराकडे गाडी होती, पण माणसं भरायला ती पुरत नव्हती. म्हणून कारखान्याचा ट्रक घेतला आणि ड्रायव्हर म्हणून बाबांना. शेजारच्या सीटवर बंदूकवाला बसला होता. बाबांनाही वाटलं होतं की तुरुंगाकडेच निघालोय. खाणीच्या फाट्यावर वळ म्हणाले तेव्हा वळले. नंतर त्यांना ट्रकमध्येच बसवून ठेवलं, खाली उतरू दिलं नाही, मान वळवू दिली नाही. उजाडता उजाडता ते घरी आले. आईने पाणी तापवलं. त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले. मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, कुणाला सांगू नका. ते म्हणाले, इथे राहिलो तर रोज त्या बायकांच्या समोरून जायचं कसं. आणि गेले. आपण दोघं आत झोपलेलो होतो. त्यांनी आपल्याला उठवलं नाही. कुठे गेले, जिवंत आहेत की नाहीत, तिला माहीत नाही. एक ओळही कधी आली नाही.

दोन दिवसांनी बंदूकवाला आला. त्याने अंगणात खेळणाऱ्या तुझ्याकडे बोट दाखवून विचारलं, मुलगा कितवीत आहे. तेवढंच विचारलं आणि गेला.

बाईच्या नादाचं आईनेच पसरवलं. तिने गल्लीत स्वतः जाऊन सांगितलं. रडून सांगितलं, म्हणजे कुणी बाबा कुठे आहेत विचारणार नाही. लोक तिला हसले, तिची कीव केली, तू तिला बोल लावलास. तिने सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, दादा तुला तसं बोलला तेव्हा तरी का नाही सांगितलंस? म्हणाली, मग तो बापाला शोधायला गेला असता.

मी हे सगळं ऐकून घेतलं, दादा. पण एक गोष्ट माझ्या गळ्याखाली उतरत नव्हती, आणि ती मी बोलून टाकली. काकू इतकी वर्षं रोज दुपारी आपल्या घरी येऊन बसायच्या. आई त्यांना चहा द्यायची. आणि आईला माहीत होतं की त्यांचा नवरा कुठे आहे. चालत जाता येईल इतक्या जवळ. मी म्हटलं, तू त्यांच्यासमोर कप कसा ठेवायचीस?

ती फणीत अडकलेले केस काढत राहिली. मग म्हणाली की आधी तुम्हा पोरांची भीती होती. मग तो बंदूकवाला बदलून गेला, ते सरकारही गेलं, तुम्ही मोठे झालात, भीती उरली नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. पण तोवर इतके कप दिले होते की आता कुठल्या तोंडाने सांगू असं झालं.

मी उठून आमच्या सुऱ्यांच्या शेडमध्ये गेले आणि मशीन चालू केलं. काही कापलं नाही. नुसतं चालू ठेवलं, म्हणजे आवाज होत राहील.

तुला काय लिहू ते कळत नाही. बाबांचा राग धरायचा का, हेही कळत नाही. तू मोठा आहेस, तू सांग.

भुंगा


३० एप्रिल

दादा,

फोनवर तू काही बोलला नाहीस. मीही नाही. पण तुझा श्वास ऐकू येत होता, तेवढ्याने मला धीर आला. शेवटी "येतो" म्हणालास आणि "आई कशी आहे" विचारलंस. त्याचं उत्तर फोनवर देता येत नव्हतं, म्हणून लिहिते.

मी आईला म्हटलं होतं की हे खणणाऱ्या बाईंना सांगावं लागेल. ट्रक कुणी मागितला, बंदूकवाला कोण होता, तिला नाव माहीत आहे. ती लगेच तयार झाली. मला वाटलं होतं समजूत घालावी लागेल. पण म्हणाली, आधी काकूंना सांगायचं, मग चौकीतल्या साहेबांना. तिला दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये.

परवा सकाळी आम्ही दोघी काकूंकडे गेलो. काकू मशीनवर होत्या, कुणाच्यातरी गणवेशाची बाही जोडत होत्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. आई बसली नाही. दाराशी उभं राहूनच तिने सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, माझ्याकडे एकदाही न बघता. नवऱ्याची बाजू मांडली नाही. बंदूकवाला अंगणात आला होता हे सांगायचं राहील म्हणून मी मध्ये तोंड उघडलं, तर तिने हाताने मला थांबवलं. शेवटी म्हणाली, मला माहीत होतं आणि मी तुला चहा देत राहिले.

काकूंचा पाय मशीनच्या पायडलवरच होता, पण चाक फिरत नव्हतं. मला वाटलं त्या ओरडतील, कात्री फेकतील, आम्हाला हाकलतील. मी त्या सगळ्याची तयारी करून गेले होते. त्यांनी बाहीतली टाचणी काढली, उशीत खोचली. दुसरी काढली, खोचली. सगळ्या टाचण्या काढून झाल्यावर विचारलं, "आमच्या ह्यांचं काही सांगितलं होतं का त्यांनी?"

आई म्हणाली की अंधारात कुणाचे चेहरे दिसले नव्हते. फक्त एक सांगितलं होतं. मागे ट्रकमध्ये एकजण वाटभर शीळ घालत होता. बंदूकवाल्याने दोनदा दटावलं तरी थांबला नाही. खाली उतरवल्यावरही ऐकू येत होती.

काकू म्हणाल्या, "तेच ते. घरात मी वाजवू द्यायची नाही त्यांना. डोकं उठायचं माझं."

 बाहेर भाजीची गाडी येऊन गेली. आई तशीच दाराला धरून उभी होती. तिला हात लावायचं धाडस मला झालं नाही. शेवटी काकूंनी बाही उचलली, उजेडाकडे धरली, पुन्हा खाली ठेवली.

"उद्या येऊ नकोस," त्या आईला म्हणाल्या. "परवा ये."

घरी येऊन आई झोपली ती संध्याकाळपर्यंत. काल साहेबांसमोर तिचा जबाब झाला. खणणाऱ्या बाई स्वतः आल्या होत्या, त्यांनी सगळं टिपून घेतलं आणि जाताना आईचे दोन्ही हात हातात घेतले. आईने ते सोडवून घेतले. म्हणाली, माझे नका धरू, तिच्याकडे जा.

मशीन बंद आहे. अक्रोडाचं सगळं लाकूड गाडीत भरून नेलं, पुरावा म्हणून. हे म्हणतात, आता दुसरं लाकूड घेऊ. मला अजून भुशाचा वास सहन होत नाही. होईल पुढे.

तू येतो म्हणालास, ये. आईला काही विचारू नकोस, माफीबिफी मागू नकोस, नुसता येऊन बस. इतकी वर्षं तिने जे गिळलं ते एका दिवसात बाहेर निघायचं नाही. आणि बाबांना शोधायचं की नाही हे आपण तिघं मिळून ठरवू.

आज सकाळी आई लवकर उठली. न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली. मी विचारलं, सोबत येऊ का. नको म्हणाली. मी आपल्या पायरीवरून बघत उभी राहिले. ती तीन घरं चालत गेली आणि काकूंच्या दारासमोर थांबली. दाराला हात लावला नाही, हाक मारली नाही, नुसती उभी राहिली. मला वाटलं, आता परत फिरेल.

दार आतून उघडलं.

तुझी,
भुंगा